रिॲक्टर, साठवलेली उष्णता आणि प्रवाह: संशोधनाची सुरुवात वेळांच्या हिशोबापासून

मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगचं संशोधन सुरू करणाऱ्या मुलामुलींची सुरुवात बहुतेक वेळा एकसारखीच होते. गाइडकडून विषय मिळतो, जॅकेटवाल्या (भोवती पाणी फिरवायचं आवरण असलेल्या) रिॲक्टरमधली उष्णता किंवा मेणात उष्णता साठवणं, आणि पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपवर सीएफडीचं, म्हणजे प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवणारं, सॉफ्टवेअर चढतं. दोन महिन्यांत लाल-निळी चित्रं तयार होतात. पण या भांड्यातून दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते, असं कुणी विचारलं की उत्तर सापडत नाही. बीईच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, एमटेक-पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातले संशोधक आणि प्लांटमधून संशोधनाकडे वळणारे इंजिनिअर यांच्यासाठी हा लेख आहे. मेश (भांड्याची संगणकातली बारीक जाळी) बनवण्याआधी वहीत पाच-सहा आकडे हाताने काढायला शिका, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

रिॲक्टर, उष्णतासाठा आणि प्रवाहाचं मॉडेलिंग हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्हींत प्रश्न एकच असतो: कुठली गोष्ट किती वेळात होते, आणि कोण कोणाच्या पुढे जातं. त्यामुळे पहिलं काम वेळा काढण्याचं.

पहिली पायरी: वेळांचा तक्ता

वहीचं कोरं पान घ्या आणि चार ओळी लिहा. रिॲक्शनला लागणारा वेळ, भांड्यातलं द्रव एकजीव व्हायला लागणारा वेळ, उष्णता बाहेर काढायला लागणारा वेळ, आणि रिॲक्टर सतत चालणारा असेल तर द्रवाचा आतला मुक्काम. तुमचा विषय कुठलाही असो, या चार आकड्यांशिवाय पुढे जाऊ नका.

सरावासाठी अशी रिॲक्शन घ्या जिचे आकडे पक्के माहीत आहेत. एथिल ॲसिटेट आणि कॉस्टिक सोड्याची रिॲक्शन जवळपास प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये होते. 25 अंश सेल्सिअसला तिचा वेग स्थिरांक सुमारे 0.11 लिटर प्रति मोल प्रति सेकंद आहे. दोन्ही द्रावणं एकत्र झाल्यावर प्रत्येकाची तीव्रता 0.05 मोल प्रति लिटर राहिली, तर निम्मा माल संपायला साधारण 180 सेकंद लागतात. एक लिटरच्या बीकरमध्ये मॅग्नेटिक स्टरर चांगला फिरत असेल तर द्रव काही सेकंदांत एकजीव होतं. म्हणजे इथे ढवळणं रिॲक्शनच्या कितीतरी पुढे आहे आणि तुम्ही मोजाल तो खरोखर रिॲक्शनचाच वेग असेल.

आता हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक घ्या. ही रिॲक्शन रेणू भेटताक्षणी संपते. इथे बीकरमध्ये काहीही मोजलंत तरी ते ढवळण्याचंच मोजमाप होईल. त्याला रिॲक्शनचा वेग म्हणून प्रबंधात छापलं तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत धारेवर धरतील. मिसळायच्या वेळेला रिॲक्शनच्या वेळेने भागलं की जो आकडा येतो त्याला डामकोलर अंक म्हणतात. तो एकपेक्षा खूप लहान असेल तर रिॲक्शन सावकाश चाललेली आहे, खूप मोठा असेल तर तुमचा सगळा अभ्यास ढवळण्याचा आहे.

तापमानाची नोंद दर वेळी ठेवा. मुंबईत लॅबचा एसी बंद असेल तर द्रावण 25 नव्हे, 30 अंशांना असतं, आणि वरच्या एथिल ॲसिटेटच्या रिॲक्शनचा वेग तेवढ्याने एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळत नसेल तर आधी थर्मामीटर बघा, मग सिद्धांत.

दुसरी पायरी: उष्णतेचा हिशोब, आकड्यांसकट

ही पायरी मी मुद्दाम सावकाश सांगतो, कारण लॅबमध्ये निमूट चालणारी रिॲक्शन प्लांटमध्ये का बिघडते ते इथे कळतं.

तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली एकत्र आले की दर मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल उष्णता निघते. एक लिटर मिश्रणात एक मोल रिॲक्शन झाली आणि उष्णता कुठेच बाहेर गेली नाही असं धरा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 4.18 किलोज्यूल लागतात. 57 भागिले 4.18, म्हणजे तापमान 13.6 अंशांनी चढेल. याला ॲडिअबॅटिक तापमानवाढ म्हणतात. लिटरमध्ये चार मोल असतील तर हीच वाढ साधारण 55 अंश, म्हणजे 30 अंशांवरचं द्रव 85 वर. हा हिशोब करायला दोन मिनिटं लागतात. कुठल्याही नव्या रिॲक्शनला हात लावण्याआधी तो झालाच पाहिजे, याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही.

आता उष्णता बाहेर काढायची बाजू. उंची आणि व्यास सारखे असलेलं एक लिटरचं भांडं घ्या. बाजू आणि तळ मिळून त्याचं क्षेत्रफळ साधारण 0.046 चौरस मीटर भरतं. तशाच आकाराच्या एक हजार लिटरच्या भांड्याचं 4.6 चौरस मीटर. घनफळ हजारपट झालं, पण जॅकेटचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट. दर लिटरच्या वाट्याला येणारी भिंत दहा पटींनी कमी झाली.

जॅकेटमधून उष्णता जाण्याचा गुणांक 300 वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरा. रिॲक्टर 50 अंशांवर ठेवायचा आहे, आत येणारं द्रवही 50 अंशांचंच आहे आणि जॅकेटमधलं पाणी 32 अंशांचं आहे. मोठ्या भांड्यातून निघेल 300 गुणिले 4.6 गुणिले 18, म्हणजे सुमारे 25 किलोवॅट. लिटरमागे चार मोल रिॲक्शन व्हायची असेल तर हजार लिटरमध्ये एकूण 228 मेगाज्यूल निघणार. ते 25 किलोवॅटने बाहेर काढायला अडीच तास लागतात. लिटरमागे तेवढ्याच मोलचं काम एक लिटरच्या भांड्यात पंधरा मिनिटांत संपतं. म्हणून लॅबमध्ये पंधरा मिनिटांत ओतलेलं ॲसिड प्लांटमध्ये अडीच तासांच्या आत ओतता येत नाही. रसायनशास्त्र तेच, ढवळणं उत्तम, तरीही.

यात एक गोष्ट आणखी आहे. रिॲक्शनमधून निघणारी उष्णता तापमानाबरोबर झपाट्याने वाढत जाते, भिंतीतून जाणारी मात्र तापमानाच्या फरकाच्या सरळ प्रमाणातच वाढते. त्यामुळे एका मर्यादेनंतर थंड करणारी बाजू कधीच गाठू शकत नाही. रनअवे रिॲक्शन म्हणतात ती हीच. भोपाळमध्ये डिसेंबर 1984 मध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, उष्णता निघत गेली, आणि टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा त्या वेळी बंद होती. उष्णतेचा हिशोब हा गुण मिळवण्यासाठी करायचा प्रकार नाही, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशीच मनात ठेवावं.

मुंबईचं पाणी

वरच्या हिशोबात जॅकेटचं पाणी 32 अंशांचं धरलं ते उगीच नाही. कूलिंग टॉवरमधलं पाणी हवेच्या वेट-बल्ब तापमानाच्या (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या) खाली जाऊ शकत नाही, आणि पावसाळ्यात मुंबईचं वेट-बल्ब 25 ते 27 अंशांच्या आसपास असतं. टॉवर चांगला असला तरी त्याच्यावर चार-पाच अंश धरावे लागतात. थंड देशातल्या एखाद्या पेपरमध्ये 15 अंशांचं पाणी वापरलेलं असेल तर 50 अंशांच्या रिॲक्टरसाठी त्यांच्याकडे 35 अंशांचा फरक आहे, आपल्याकडे 18 चा. तोच रिॲक्टर, तीच रिॲक्शन, पण थंड करायची ताकद जवळपास निम्मी. पेपरमधली बॅचची (एका घाण्याची) वेळ उचलून तुमच्या प्रस्तावात लिहू नका, आधी पाण्याचं तापमान बघा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा तारापूरच्या प्लांटमध्ये काम केलेल्या कुणालाही हे विचारा, ऑगस्टमधली बॅच आणि जानेवारीतली बॅच यांतला फरक ते लगेच सांगतील.

तिसरी पायरी: बादली, मीठ आणि घड्याळ

सतत चालणाऱ्या रिॲक्टरमध्ये द्रव आत किती वेळ राहतं, हे समजण्यासाठी महागडं काही लागत नाही. दहा लिटरची पारदर्शक टाकी, छोटा पंप, कंडक्टिव्हिटी मीटर आणि मीठ. मीटर आणि सेन्सर लॅमिंग्टन रोडला मिळतात, काचसामान आणि रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटला, पाइप आणि फिटिंग नागदेवी स्ट्रीटला.

पाणी मिनिटाला दोन लिटर सोडा. दहा भागिले दोन, म्हणजे द्रवाचा सरासरी मुक्काम पाच मिनिटांचा असायला हवा. प्रवाह मेजरिंग सिलिंडर आणि घड्याळ लावून स्वतः मोजा, पंपावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. 100 मिलिलिटर पाण्यात 2 ग्रॅम मीठ विरघळवा आणि आत येणाऱ्या धारेत एकदम सोडा. त्याहून घट्ट मिठाचं पाणी करायचा मोह टाळा, ते जड असल्याने तळाशी बसतं आणि सगळं चित्र बिघडतं. मुंबईच्या नळाला धरणांचं पाणी येतं, त्यात क्षार कमी असतात, त्यामुळे एवढं थोडं मीठही मीटरवर स्पष्ट दिसतं. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांना ही सोय नाही.

बाहेर पडणाऱ्या धारेची कंडक्टिव्हिटी दर दहा सेकंदांनी नोंदवा आणि किमान पंचवीस मिनिटं थांबा, म्हणजे सरासरी मुक्कामाच्या पाचपट. कंटाळून मध्येच बंद केलंत तर शेपटीतली माहिती जाते, आणि साचलेले कोपरे तिथेच कळतात. पाण्याचं तापमानही लिहा, कारण दर अंशाला कंडक्टिव्हिटी साधारण दोन टक्के बदलते.

आलेख काढल्यावर सगळ्यात आधी मिठाचा हिशोब लावा. कंडक्टिव्हिटीवरून मिठाची तीव्रता काढा; तिच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ गुणिले प्रवाह, इतकं मीठ बाहेर आलं. ते 2 ग्रॅमच्या जवळ नसेल तर प्रयोग पुन्हा करा, त्या आलेखावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. हिशोब जुळला तर मग आकार बघा. उत्तम ढवळलेल्या टाकीत कंडक्टिव्हिटी एकदम वर जाते आणि सावकाश उतरत राहते. पहिल्या काही सेकंदांतच मोठा टोकदार उंचवटा आला तर पाणी आत येऊन थेट बाहेर पळतंय. सरासरी मुक्काम पाचऐवजी साडेतीन मिनिटं निघाला तर टाकीचा मोठा भाग कामच करत नाही.

पीटर डँकवर्ट्स यांनी 1953 साली मुक्कामाच्या वेळांचं हे शास्त्र नीट बांधून दाखवलं. त्यांच्याकडे केंब्रिजला पीएच.डी. करून मनमोहन शर्मा 1964 साली माटुंग्याच्या यूडीसीटीत प्राध्यापक म्हणून आले, आणि वायू-द्रव रिॲक्शनवरच्या कामाची एक मोठी परंपरा तिथे उभी राहिली. 1990 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली यूडीसीटी आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाते. बबल कॉलम (द्रवातून वायूचे बुडबुडे सोडणारे उंच रिॲक्टर) आणि त्यांच्या प्रवाहाचं मॉडेलिंग यांवर ज्येष्ठराज जोशी यांनी तिथेच केलेलं काम या क्षेत्रातल्या प्रत्येकाला वाचावं लागतं. आपल्या शहरात झालेलं हे संशोधन आधी वाचा, मग बाहेरचं.

चौथी पायरी: मेणात उष्णता साठवणं

बॅच प्लांटमध्ये उष्णता एका वेळी निघते आणि दुसऱ्याच वेळी लागते. मधल्या काळात ती ठेवायची कुठे, हा उष्णतासाठ्याचा प्रश्न. नवे संशोधक लगेच वितळणाऱ्या पदार्थांकडे धावतात. आधी पाण्याशी तुलना करा.

एक युनिट, म्हणजे 3600 किलोज्यूल साठवायचे आहेत आणि तापमान 50 ते 70 अंशांत फिरणार आहे. पाण्याच्या दर किलोत 84 किलोज्यूल मावतात, म्हणजे 43 किलो पाणी. 58-60 अंशांना वितळणाऱ्या पॅराफिन मेणात वितळण्याचे सुमारे 200 आणि तापण्याचे 44 धरून साधारण 244 किलोज्यूल मावतात, म्हणजे 15 किलो मेण. वजनात तिप्पट फायदा. पण मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे जागेचा फायदा सव्वादोनपटीच्या आसपास येतो. प्रस्तावात वजनाचा आकडा लिहून जागेचा दडवू नका, मुंबईतल्या कुठल्याही प्लांटमध्ये अडचण जागेचीच असते.

खरी अडचण मात्र वेळेची आहे. मेणाची उष्णतावाहकता 0.2 वॅट प्रति मीटर प्रति अंश, म्हणजे पाण्याच्या एक तृतीयांश. उष्णता परत घेताना थंड भिंतीवर मेणाचा थर गोठत जातो आणि पुढच्या उष्णतेला तोच अडवतो. ढोबळ सूत्र असं: घनता गुणिले वितळण्याची उष्णता गुणिले जाडीचा वर्ग, भागिले दोन गुणिले वाहकता गुणिले तापमानातला फरक. घनता 850 आणि फरक 20 अंश धरला तर एक सेंटिमीटर गोठायला 35 मिनिटं लागतात. तीन सेंटिमीटरला नऊपट, म्हणजे पाच तासांहून जास्त. जाडीचा वर्ग आल्यामुळे हे होतं. मेणाच्या टाकीत पत्र्याच्या पात्या का घालतात आणि त्यांच्यातलं अंतर कसं ठरवायचं, याचं उत्तर या एका ओळीत आहे. आणि हा आकडा पहिल्या पायरीच्या तक्त्यात पाचवी ओळ म्हणून जातो: बॅच चार तासांची असेल आणि मेणाला पाच तास लागत असतील, तर ती टाकी वेळेवर मोकळी होणारच नाही.

प्रयोग करताना मेण कधीही थेट ज्योतीवर किंवा शेगडीवर तापवू नका, गरम पाण्याच्या बाथमध्येच तापवा. वितळताना ते दहा टक्क्यांहून जास्त फुगतं, म्हणून नळी पूर्ण भरायची नाही. आणि वितळवायला वरून सुरुवात करा. खाली द्रव झालं आणि वर घट्ट टोपण राहिलं तर काच फुटते. तापमानासाठी डीएस 18 बी 20 सेन्सर पुरतो, तो अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो, पण स्टीलच्या आवरणात असल्यामुळे थोडा मागे राहतो हे लक्षात ठेवा. के-टाइप थर्मोकपल वापरणार असाल तर आधी बर्फाच्या आणि उकळत्या पाण्यात तपासून घ्या. दोन-अडीच अंशांची चूक त्यात सहज असू शकते आणि मेणाचा सगळा खेळ तेवढ्यातच असतो.

पाचवी पायरी: आता सीएफडी

इथपर्यंत आलात तर मॉडेलला काय विचारायचं ते तुम्हाला कळलेलं असतं. ओपनफोम हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प त्याचा प्रसार करतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ शिकायला मोफत आहेत. पूर्ण प्लांटच्या फ्लोशीटसाठी डीडब्ल्यूसिम मोफत मिळतं. परवान्याचे पैसे नाहीत म्हणून काम अडलं, अशी आता स्थिती नाही.

पहिली केस सरळ नळीतल्या शांत प्रवाहाची करा. त्याचं उत्तर कागदावर निघतं: मधला वेग सरासरीच्या दुप्पट. तुमच्या मॉडेलला ते येत नसेल तर रिॲक्टरकडे जायचंच नाही. मग रेनॉल्ड्स अंक काढा, प्रवाह शांत की खळबळीचा ते तो सांगतो. नळीत साधारण 2300 च्या खाली प्रवाह शांत, ढवळण्याच्या टाकीत 10 च्या खाली शांत आणि 10,000 च्या वर खळबळीचा. मधल्या पट्ट्यात खळबळीसाठीचं नेहमीचं के-एप्सिलॉन मॉडेल भरवशाचं नाही, आणि बऱ्याच लॅबमधल्या टाक्या नेमक्या तिथेच असतात.

एकाच मेशवरचं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. तीन मेश करा, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक, आणि तुम्हाला हवा तो आकडा, समजा बाहेर पडणाऱ्या द्रवाचं तापमान, बदलायचा थांबतो का ते बघा. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले म्हणून खुश होऊ नका. आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी, निघालेली उष्णता आणि जॅकेटने नेलेली उष्णता, हे दोन हिशोब स्वतः जुळवा. त्यानंतर बादलीच्या प्रयोगाचंच मॉडेल करा, त्यात आभासी मीठ सोडा आणि तुमच्या वहीतल्या आलेखावर तो आलेख चढवून बघा. प्रबंधात ठेवायच्या सगळ्या चित्रांपेक्षा हा एक आलेख मला जास्त मोलाचा वाटतो.

वाचनासाठी पैसे मोजण्याआधी संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करा. जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांमधून हजारो जर्नल वाचता येतात.

प्लांटमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा

मॅनेजरसाहेबांबरोबर चहा झाला की ऑपरेटरकडे जा आणि त्यांना काका म्हणा किंवा साहेब म्हणा, पण शांतपणे ऐका. बॅच शीट आणि तापमानाचा लॉग बघायला मागा. मग एकच प्रश्न नेमका विचारा: बॅच चालू असताना कूलिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किती वेळ असतो? दोन-दोन तास पूर्ण उघडा राहत असेल तर तिथे अडचण जॅकेटची आहे, आणि ढवळणीचं कितीही सुंदर मॉडेल केलंत तरी बॅच एका मिनिटानेही कमी होणार नाही. व्हॉल्व्ह अर्धाच उघडा राहत असेल तर अडचण दुसरीकडे आहे. मग ॲसिड कुठून पडतं, पंखा किती आरपीएमवर आहे, आत बॅफल (भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्या) आहेत का, हे विचारा. पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला असे दोन्ही लॉग मिळाले तर उत्तमच.

लॉगमधून जे आकडे मिळतील ते त्याच दिवशी, परतीच्या लोकलमध्ये जागा मिळाली तर तिथेच, पहिल्या पायरीच्या तक्त्यात तुमच्या हाताने काढलेल्या वेळांच्या शेजारी लिहा. जिथे दोघांत दुपटीहून जास्त फरक दिसेल, ती ओळ अधोरेखित करून दुसऱ्या दिवशी गाइडसमोर ठेवा.